वेल्बीच्या झाकणाची चोरी

१

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, कारंजाच्या भर बाजारात, घनश्यामने चोर पकडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भैयाजींनी भाच्याच्या गळ्यात हार घातला, चंद्रभानने धाब्यावरची भजी फुकट वाटली आणि हवालदार नत्थूसिंगांनी चोराचं नाव लिहून त्याखाली ठसठशीत रेघ ओढली. रहस्य उलगडलं, गोष्ट संपली.

असं काहीही झालेलं नाही. त्या आठवड्यात मंगळवार कारंजात आलाच नव्हता, सोमवार उलटला आणि थेट बुधवार उजाडला, असं धरून आपण पुढे जाऊ. घनश्याम स्वतः हल्ली तसंच धरून चालतो. कुणी मंगळवारचा विषय काढला की त्याच्या कानाच्या पाळ्या तापतात आणि त्याला एकाएकी विहिरीवर काम निघतं.

तर रविवार. सत्तावन्न सालचा जानेवारी. नागपूर–अमरावती रस्त्याला लागून भैयाजी राऊतांचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागच्या टपरीत, जुन्या झुलीखाली, एक फटफटी उभी असे. वेल्बी कंपनीची, बावीस सालची. जंगल खात्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती भैयाजींच्या गळ्यात घालून गेला. भैयाजी ती वर्षातून एकदाच काढत. दसऱ्याला, पूजा झाल्यावर, फेटा बांधून ते फटफटीवरून सीमोल्लंघनाला निघत. गावच्या सीमेपर्यंत फटफटी भैयाजींना नेई. सीमेवरून चार माणसं फटफटीला परत आणत. गेली आठ वर्षं यात खंड नव्हता.

त्या रविवारी नागपूरहून बोमनजी साहेब आले. वेल्बीचे एजंट. त्यांच्याजवळ एक भिंग, एक फोटो आणि विलायतेहून आलेली चार पानांची यादी होती. कंपनीला आपल्या पहिल्या चाळीस गाड्यांपैकी एक हवी होती, काचेच्या खोलीत मांडून ठेवायला. बदल्यात कंपनी कोरी करकरीत मोटारसायकल ट्रकमधून दारात उतरवून देणार होती. भैयाजींनी सकाळपासून चहाच्या तीन फेऱ्या केल्या होत्या.

बोमनजींनी इंजिनावरचा नंबर पाहिला. सत्तावीस. भैयाजींनी छाती काढली. मग साहेब गुडघ्यावर बसले, इंजिनाच्या उजव्या कुशीवरच्या झाकणावरून त्यांनी एक बोट फिरवलं, आणि बोट स्वच्छ असूनही ते रुमालाने पुसलं.

"भैयाजी," ते म्हणाले, "नंबर सच्चा आहे. पन हे झाकन झूट आहे."

पहिल्या चाळीस गाड्यांची झाकणं रेतीच्या साच्यात ओतलेली होती, त्यांनी समजावलं. त्यामुळे ती खरबरीत. खालच्या कडेला हरभऱ्याएवढा उंचवटा. पुढे कंपनीने पोलादी साचा आणला, तेव्हापासून झाकणं गुळगुळीत आणि उंचवटा गायब. "हे बघा. बिलकुल चिकना. कुनीतरी असली काढून नंतरचा माल लावला."

"खोलून पाहा न साहेब," भैयाजी म्हणाले.

साहेबांनी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. कंपनीचा हुकूम होता: तपासणी बाहेरून करावी, इंजिन उघडू नये. विलायतेतला हुकूम म्हणजे हुकूम. आठ दिवसांनी परत येतो, असली झाकण मिळालं तर सौदा पक्का, असं सांगून साहेब गाडीत बसले.

भैयाजी ऑइलच्या डब्यावर बसले. डबा रिकामा होता, तो दबला, पण त्यांना कळलं नाही.

"बाहेरचा कोणी टपरीत येत नाई," ते म्हणाले. "घरातलाच कोणी आहे."

तेवढ्यात समोरून आवाज आला. "मामाजी, मले तीन दिवस द्या. चोर तुमच्या पुढ्यात उभा करतो."

चोर त्या वेळी खरोखरच भैयाजींच्या पुढ्यात उभा होता. पण हे कुणालाच माहीत नव्हतं.

२

घनश्याम भैयाजींच्या बहिणीचा मुलगा. तेवीस वर्षांचा. दुकानात कुठली गाडी कधी आली, तिचं काय बिघडलं, हे वहीत लिहिणं हे त्याचं काम. बाकीचा वेळ तो वर्ध्याच्या वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथा वाचून काढी. त्यात गुप्तहेर नेहमी बोलता बोलता समोरच्याला पकडतो. घनश्यामला बोलणं येत होतं. पकडणं तेवढं राहिलं होतं.

त्याने संशयितांची यादी केली. मामी. समोरच्या धाब्याचा चंद्रभान. आणि दुकानातला फिटर पुनाजी मेश्राम. मामाजींना त्याने आदरापोटी वगळलं आणि स्वतःला, अर्थातच, सवयीने.

पहिली जबानी मामीची. अन्नपूर्णाबाई चुलीवर दूध ठेवून तांदूळ निवडत होत्या.

"मामी, फटफटीचं झाकण तुम्ही काढलं का?"

"मी? काऊन? मले तं अख्खी फटफटीच काढून टाका लागत होती, लेका. आठ वर्षं झाले, लुगडं वाळवाले जागा नाई त्या टपरीत."

घनश्यामने लिहिलं: हेतू आहे, हत्यार नाही.

"फटफटीले हात कोण लावते?"

"आता पाहा. दरसाल दसऱ्याले पुनाजी तिले धुये, पुसे, तेल देये. असं लेकरासारखं पुसे. मंग पूजेच्या टायमाले बाहेर उभा राहे. प्रसाद त्याले पानावर वरून देत जाओ मी."

"बाहेर काऊन?"

मामींनी त्याच्याकडे पाहिलं. "तुले मालूम नाई का काऊन?"

मालूम होतं. घनश्यामने ते लिहिलं नाही, कारण त्याचा झाकणाशी संबंध नव्हता.

"अन् गेल्या दसऱ्याले?"

"गेल्या दसऱ्याले तो होताच कुठं? दोन दिवस आधीपासून सुट्टी घेतली, नागपूरले गेलता. दीक्षा घ्यायले. बायको, लेकरं, समदेच. मंग काय, तुह्या मामाचा जीव वरखाली. मंग तूच तं—"

पण घनश्याम उठला होता. पुनाजी दसऱ्याला नव्हता! आठ वर्षांत जो एकदाही चुकला नाही तो नेमका त्याच साली गायब! त्याने वही फटकन मिटली.

"बस, मामी. एवढं पुरे."

"अबे, पण ऐकून तं घे—"

मामींचं वाक्य अर्धंच राहिलं. दूध उतू गेलं. जगात आजवर कुणी अर्ध्या वाक्यावरून इतका मोठा घोटाळा केला नसेल, पण तो पुढे.

३

चंद्रभान धाब्यावर कांदा चिरत होता. त्याचा फटफटीवर डोळा होता हे सगळ्या कारंजाला ठाऊक. ती विकत मागायला तो भैयाजींकडे तीनदा गेला होता आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आला होता.

"तुमी काढलं का झाकण?"

"बाप्पा! मी चोरली असती तं अख्खी चोरली असती. झाकण घेऊन काय करू, वरणाच्या गंजावर ठेवू?"

"शेवटची कधी पाह्यली फटफटी?"

"दसऱ्याले. काय चमकत होती राजेहो! उन्हात पाह्यलं तं डोये दिपले माहे. एवढी तं ती कधीच चमकली नवती. ज्यानं घासली न, त्याले बक्षीस द्या लागते."

हे ऐकून घनश्यामला बरं वाटलं. का बरं वाटलं, ते त्याने वहीत लिहिलं नाही.

"अन् पुनाजीले पाह्यलं का तुमी त्या दिवसांत?"

"पाह्यलं न. दसऱ्याच्या आदल्या पहाटे नागपूरच्या गाडीत चढून राह्यलता. बायको रामबाई होती संग. पुनाजीच्या हातात गाठोडं."

घनश्यामच्या अंगावर काटा आला. "कसं होतं गाठोडं? चौकोनी?"

"नाई. गोल."

"झाकण गोलच आहे!"

"भाकरी बी गोलच असतात, भाऊ," चंद्रभान म्हणाला आणि त्याने डोळे पुसले, कांद्यामुळे.

हे शेवटचं वाक्य घनश्यामने लिहिलं नाही. वहीत जागा होती.

संध्याकाळी त्याने मामाजींची, आदर बाजूला ठेवून, थोडी जबानी घेतलीच. भैयाजी दुखावलेले होते, पण झाकणामुळे नव्हे.

"त्यानं अर्ज केला," भैयाजी म्हणाले. "वर्ध्याले, सरकारी बस डेपोत. मेकॅनिकची जागा आहे. मले न विचारता केला. परीक्षा पास बी झाला. आता फक्त ठाण्यातून चालचलनाचा दाखला पायजे, शनिवारच्या आत. वीस वर्षं माह्या दुकानात राह्यला, अन् कागद आला तवा मले समजलं."

"म्हणजे तो पळून जाऊन राह्यला."

भैयाजींनी मान वळवली. नोकरी बदलण्याला पळून जाणं म्हटलं की त्यांना जरा हलकं वाटलं, असं दिसलं.

घनश्यामने तीन गोष्टी एकाखाली एक मांडल्या: दसऱ्याला गैरहजर, हातात गोल गाठोडं, आता गाव सोडून जायची घाई. बेरीज आपोआप झाली.

सोमवारी दिवसभर पुनाजी त्याच्यापासून सात हातांवर, एका ट्रकखाली उताणा पडून गिअरबॉक्स उतरवत होता. दोनदा त्याने घनश्यामकडे पाना मागितला आणि घनश्यामने दिला. त्याची जबानी तेवढी घ्यायची राहिली. राहिली असंही नाही, तिची गरज वाटली नाही. चोराला काय विचारायचं? तो खोटंच बोलणार.

४

आता जो मंगळवार आलाच नाही, त्या दिवशी जे झालं नाही ते असं झालं नाही:

बाजार भरला होता. घनश्याम भैयाजींच्या ट्रकच्या फळीवर चढला. खाली हवालदार नत्थूसिंग, मामाजी, चंद्रभान आणि बाजारातली चाळीसेक माणसं. रहस्यकथेत गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत बोलावतो. एवढी मोठी खोली कारंजात नव्हती.

त्याने झाकणाचा इतिहास सांगितला, रेतीचा साचा सांगितला, गाठोडं सांगितलं. लोक रंगले. माणूस एकदा फळीवर चढला आणि लोक रंगले की त्याच्या जिभेचा ताबा त्याच्याकडे राहत नाही, आणि घनश्यामकडे तर तो जमिनीवर असतानाही कमीच असे.

"तुमाले वाटलं पुनाजी नागपूरले गेला तो धर्म बदलायले गेला," तो म्हणाला. "अजी नाई! तो झाकण बदलायले गेलता!"

बाजार हसला. मोठ्याने हसला. हसण्याची एक लाट मिरचीवाल्यांपासून निघाली ती थेट बैलांपर्यंत गेली. घनश्यामला आयुष्यात एवढं हसू कुणी दिलं नव्हतं.

आणि मग त्याला गर्दीत पुनाजी दिसला. वांग्यांची थैली घेऊन उभा होता. बाजूला रामबाई. ती खाली पाहत होती, थैलीतली वांगी मोजल्यासारखी. तिच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या बायका अर्धं पाऊल बाजूला सरकल्या होत्या. अर्धंच, पण सगळ्या.

"काय म्हणणं आहे बे तुहं?" नत्थूसिंगांनी पुनाजीला विचारलं. लिहिणं त्याआधीच झालं होतं.

पुनाजीने थैली रामबाईकडे दिली. आवाज चढवला नाही.

"उद्या सकाळी दुकानात या साहेब. तुमी बी या भैयाजी. घरच्यायले बी बोलवा." मग त्याने फळीवर उभ्या असलेल्या घनश्यामकडे पाहिलं. "अन् तुमी नक्की येजा, घनश्यामबाबू. लोखंड कापायची पाती मी आणतो."

पाती कशाला, हे त्याने सांगितलं नाही. घनश्याम घरी गेला, गळ्यातला हार काढून खुंटीला लावला आणि उगाच हात धुतले. ते धुऊन झाल्यावर परत धुतले.

५

बुधवारी टपरीची दोन्ही दारं उघडली, झूल काढली, फटफटी बाहेर उन्हात आणली. ती चमकली. नत्थूसिंगांनी डोळ्यांवर हात धरला.

पुनाजी झाकणापाशी उकिडवा बसला.

"साहेब, तुमी म्हणता हे झाकण कोणी बदललं. झाकण बदलायचं तं आधी काढा लागते. काढायचं तं स्क्रू फिरवा लागते. बरोबर?"

"बरोबर," नत्थूसिंग म्हणाले. चौकशीत कुणी त्यांना विचारून पुढे गेलं की त्यांना आवडे.

"हे पाच स्क्रू. पाहा न, खाच कुठं आहे?"

नत्थूसिंग वाकले. घनश्यामने आपलं भिंग पुढे केलं. पाचही स्क्रूंची डोकी सपाट होती, कपाळावरच्या टिकलीसारखी. पेचकसाचं टोक बसेल अशी खाच एकावरही उरलेली नव्हती.

"खाचा घासून गेल्या," पुनाजी म्हणाला. "ज्यानं झाकणावर कानस चालवली, त्यानं स्क्रूवरून बी चालवली. खाच नाई तं पेचकस कुठं बसल? म्हणजे घासल्यापासून हे झाकण कोणी खोललंच नाई. खोलताच येत नाई."

घनश्यामच्या डोक्यात काहीतरी हललं, पण तो थांबला नाही. थांबणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "घासायच्या आधी बदललं असल! नकली लावलं, अन् मंग घासलं!"

"नकली तं गुळगुळीतच असते न, बाबू? कंपनीचा साहेबच सांगून गेला. गुळगुळीत झाकणावर कोणी कानस काऊन चालवल?"

घनश्यामने भिंग खिशात घातलं.

पुनाजीने खिशातून पाती काढली आणि एकेका स्क्रूवर नवी खाच पाडायला सुरुवात केली. खर्र, खर्र. पाच खाचा पाडून झाल्या. मग पेचकस बसला. पाच स्क्रू निघाले, झाकण सुटलं, काळं तेल ठिबकलं. पुनाजीने झाकण फडक्याने पुसलं, उलटं केलं आणि भैयाजींच्या हातात दिलं.

"बोट फिरवा."

भैयाजींनी फिरवलं. आतल्या बाजूला बारीक रवे होते, जसेच्या तसे. रव्याच्या लाडवावरून बोट फिरावं तसं त्यांचं बोट अडखळत गेलं.

"रेतीचा साचा," पुनाजी म्हणाला. "आतून हात कोणाचा पोचत नाई, म्हणून तेवढं वाचलं. आता पलटवा. ही कड. इथं धातूचा रंग जरा फिका आहे, गोल, हरभऱ्याएवढा. उंचवटा इथं होता. झाकण तेच आहे भैयाजी, सत्तावीस नंबरचं. कुठंच गेलं नाई."

"मंग चोरी?" नत्थूसिंगांनी विचारलं.

"चोरी नाई झाली साहेब. सफाई झाली."

"पण इतकं घासलं कोणं?" नत्थूसिंग म्हणाले.

इथे अन्नपूर्णाबाई पुढे आल्या. त्या दारात उभ्या होत्या आणि रविवारपासून एक वाक्य तोंडात धरून बसल्या होत्या.

"मी त्या दिवशीच सांगून राह्यलती. तुह्या मामाचा जीव वरखाली झाला, मंग तूच तं दोन दिवस बसून घासली, घनश्याम. एवढंच वाक्य होतं. ऐकून घेतलं असतंस तं दूध बी वाचलं असतं."

टपरीपुढे उभ्या असलेल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हीच ती वेळ, जी रहस्यकथेच्या शेवटी येते, सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळतात. घनश्यामने ती वेळ कित्येकदा वाचली होती, पण ती या बाजूने कशी दिसते हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्याला सगळं आठवत होतं. विसरला कधीच नव्हता. दसऱ्याच्या दोन दिवस आधी भैयाजी म्हणाले होते, पुनाजी नाई, आता फटफटी कोण चमकवल? आणि तो म्हणाला होता, त्याच्यावाचून अडते काय? मग त्याला दाखवून द्यायचं होतं. झाकणावरून हात फिरवला तर ते खरखरलं. त्याला वाटलं, आठ वर्षांचा मळ. आठ वर्षं या माणसाने कामचुकारपणा केला, म्हणून इथे मळाचा थर बसला. आधी कानस, मग एमरी पेपरचे अकरा तुकडे, मग राख. कडेचा तो उंचवटा तर त्याला गोठलेल्या चिखलाचा गोळा वाटला, तो निघेना तेव्हा पुनाजीला त्याने शिवीही दिली होती. चार दिवस बोटांची सालं निघत होती आणि तो ती सालं अभिमानाने दाखवत फिरला होता.

झाकणाच्या चोरीशी याचा संबंध असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. आपण चांगलं काम केलं होतं ना.

"तुमाले मालूम होतं?" त्याने पुनाजीला विचारलं. पुनाजीसाठी 'तुमाले' त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मळ नाई म्हणून?"

"मळ बोटाले चिकटते," पुनाजी म्हणाला. "हे टोचे. म्हणून मी तिथं नुसतं फडकं मारो. नागपूरहून आलो तवा पाह्यलं, झाकण सपाट. समजलो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोणं विचारलं?"

६

गुरुवारी घनश्याम ठाण्यात गेला. पुनाजीही आला होता, दाखल्यासाठी. बाकावर दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती.

"रिपोट मागं घ्यायची आहे," घनश्याम म्हणाला.

नत्थूसिंगांनी रजिस्टर उघडलं, पाहिलं, मिटलं. "मागं घेता येते. पण नाव राह्यते. चोरी लागली की चोर लागते. चोर नसला तं संशयित लागते. कागद रिकामा ठेवता येत नाई."

"पण चोरीच नाई झाली! तुमी स्वतः पाह्यलं!"

"पाह्यलं न. पण रजिस्टरनं नाई पाह्यलं."

"मंग दाखला?"

"ज्याच्या नावाखाली रेघ ओढली त्याले मी चालचलन चांगली म्हणून लिहून देऊ? वरच्या साहेबाची सही लागल. साहेब दौऱ्यावर आहेत. सोमवारी येतील."

सोमवार शनिवारच्या नंतर येतो. हे तिघांनाही माहीत होतं.

घनश्याम उभा राहिला. "मंग खोटी रिपोट देल्ली म्हणून माह्यावर लावा. कलम असल न काही?"

"आहे न." नत्थूसिंग हसले, खरंच प्रेमाने हसले. "पण भैयाजी राऊताच्या भाच्याले मी आत टाकू? काही बी बोलतो बाप्पा. चहा पेतो का?"

त्यांनी चहा मागवला. दोन पेले आले. एक नत्थूसिंगांचा, एक घनश्यामचा. बाकावर तिसरा माणूस बसला होता आणि कुणालाच तो दिसला नाही. घनश्यामने पेला हातात धरला, तो गरम होता, खाली ठेवायला जागा नव्हती.

बाहेर आल्यावर तो पुनाजीच्या मागे रस्त्यापर्यंत गेला.

"पुनाजीभाऊ."

पुनाजी थांबला नाही. मग दहा पावलांवर थांबला. अमरावतीकडून सरकीचा ट्रक आला, गेला, धूळ बसली.

"बाजारात तुमी जे म्हटलं न," तो म्हणाला, "झाकण बदलायले गेलता म्हणून. लोकं हसले. मस्करी चांगली होती. मी बी हसलो असतो, नाव दुसऱ्याचं असतं तं."

"माफ करा."

"मले म्हणून काय होते? बाजार मंगळवारी भरते." त्याने टोपी सारखी केली. "अन् मी भैयाजीकडं आता येत नाई. डेपोत जमलं तं जमलं. नाई जमलं तं पुलगावले जाईन, हातात पाना आहे. पण रामबाई म्हणते, आता बाजारात जात नाई. वांगे मलेच आणा लागतील. मले पारखता येत नाई, किडके निघतील."

तो गेला. घनश्याम तिथेच उभा राहिला. त्याला काहीतरी विनोद सुचला, अशा वेळी सुचतोच, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो गिळला. चव वाईट होती.

शनिवारी त्याने वर्ध्याला जाऊन डेपोच्या साहेबांपुढे सगळं तोंडी सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दाखला?" रविवारी बोमनजी आले, झाकणाच्या आतल्या बाजूवरून त्यांनी बोट फिरवलं, हळहळले, आणि यादीतली ती ओळ पुन्हा दाखवली: तपासणी बाहेरून करावी. पुढच्या मंगळवारी घनश्याम बाजारात त्याच फळीवर चढला आणि खरं काय झालं ते त्याने पहिल्यापासून सांगितलं. लोकांना वाटलं नवी नक्कल आहे. ते आधीपेक्षा जास्त हसले.

म्हणून त्याच दिवशी, भर दुपारी, दुकानातल्या टेबलावर बसून, त्याने चांगल्या अक्षरात लिहायला घेतलं:

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
मु. कारंजा (घाडगे), जि. वर्धा.

विषय: अर्जदारास चोर म्हणून मान्यता मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार घनश्याम, धंदा वही लिहिणे, सविनय कळवितो की, आपल्या रजिस्टरात नोंद असलेल्या चोरीस एक चोर आवश्यक असल्याचे आपले कार्यालयाकडून समजले. सदर जागी हल्ली श्री. पुनाजी मेश्राम यांचे नाव लागलेले आहे. सदर जागेवर अर्जदाराचा हक्क जुना आहे.

चोरीस गेलेला माल: एका झाकणाचा खरबरीतपणा, वजन अंदाजे दीड तोळा, आणि एक उंचवटा. चोरीची पद्धत: कानस. माल हस्तगत होण्याची शक्यता नाही, तो राखेबरोबर उकिरड्यावर गेला. याशिवाय अर्जदाराने त्याच प्रकरणात भर बाजारात सौ. रामबाई मेश्राम यांच्या शेजारची अर्ध्या पावलाची जवळीक, सर्व बाजूंनी, काढून घेतली आहे. तिचे वजन करता आलेले नाही.

अर्जदार कोणाचा भाचा आहे ही बाब विचारात घेऊ नये. अर्जदारास रीतसर बाजाराच्या दिवशी, बाजारातूनच, अटक करण्यात यावी, त्याचे नाव मोठ्याने वाचण्यात यावे व त्याखाली रेघ ओढण्यात यावी. तसेच सदर नोंदीची एक खरी नक्कल वर्धा येथील बस डेपोस व दुसरी मिरची, वांगी व कापड विकणाऱ्या सर्व दुकानदारांस तातडीने पाठविण्याचा हुकूम व्हावा, ही नम्र विनंती.